पडद्यातून पोशाख

नाटक-सिनेमाची वेशभूषा करणारे लोक कापडाचा भार आधी पाहतात, रंग नंतर. राजाचा झगा चालताना मागे ओढला गेला पाहिजे. स्वस्त साटीनला तो भार नसतो, घरच्या जुन्या पडद्याला असतो. दाट वीण, मोठा पन्हा, बहुतेकदा आतून अस्तर. डबलबेडची चादर असेल तर झग्याची अख्खी पाठ मधल्या जोडाशिवाय निघते. धुऊन धुऊन खळ गेलेलं सुती कापड रंगही चांगला धरतं.

पडद्याचा सर्वांत गाजलेला पोशाख १९३९च्या ‘गॉन विथ द विंड’मधला. यादवी युद्धात सगळं गमावलेल्या स्कार्लेटला घराच्या करासाठी पैसे मागायला जायचंय आणि अंगावर घालण्याजोगं काही नाही. मग आईचे हिरवे मखमली पडदे खाली उतरतात. वेशभूषाकार वॉल्टर प्लंकेट यांनी पडद्याची ओळख पुसली नाही. पडदा बांधायची गोंडेदार दोरीच कमरपट्टा झाली. म्हणून त्या पोशाखात गरिबी आणि ऐट एकदम दिसतात. आज तो टेक्सस विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये जपलेला आहे.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेत नेमकं उलटं केलं, मूळ वस्तूची ओळखच पुसली. पहारेकऱ्यांच्या अंगावरची जाड कातडी म्हणजे आयकियाचे गालिचे, असं वेशभूषाकार मिशेल क्लॅप्टन यांनी २०१६मध्ये सांगितलं. गालिचे कापले, लव भादरली, चामड्याचे मजबूत पट्टे लावले, मग मेण चोळून ते जुनाट केले.

माझ्या मते खरी कारागिरी या जुनं करण्यातच आहे. सरसकट मळवलेला कपडा लगेच खोटा वाटतो. कोपर, गुडघे, खिशाचं तोंड आणि खालचा घेर, कपडा झिजतो तो इथे. तिथेच पॉलिश पेपर फिरवायचा, तिथेच चहाचं पाणी लावायचं. शिवण्याइतकाच वेळ या कामाला द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा.

शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं असेल, तर जुने पडदे बोहारणीला देण्याआधी एकदा उजेडासमोर धरून पाहा. वीण विरली नसेल तर ठेवून द्या. मखमल असेल तर सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून कापा, नाहीतर रंगमंचावरच्या दिव्यांत एकाच झग्याचे दोन रंग दिसतात. आणि कापड पॉलिस्टरचं असेल, तर ते घातलेल्या मुलाच्या हाती पेटती मशाल किंवा निरांजन देऊ नका.