नव्या उपनगरातले पहिले सहा महिने

जून-जुलै आला की अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड या पट्ट्यातल्या इमारतींमध्ये नवे भाडेकरू दिसू लागतात. कुणी शिक्षण संपवून पहिल्या नोकरीवर रुजू झालेले असते, कुणी नाशिक, नांदेड, सांगलीकडची नोकरी सोडून जास्त पगारावर आलेले. पहिले पंधरा दिवस धावपळीत जातात. ‘बॅचलरना जागा देत नाही’ असे तीन-चार सोसायट्यांकडून ऐकून झाल्यावर एखादी खोली मिळते. डिपॉझिट भरले जाते, भाडेकरार होतो, रेल्वेचा पास निघतो, डबा लागतो. घरून फोन आला की ‘सगळं मस्त चाललंय’ असे सांगितले जाते.

मग धावपळ संपते आणि वेगळ्याच तक्रारी सुरू होतात. रात्री दोन-तीनदा जाग येते. डबा अर्धाच संपतो. खच्चून भरलेल्या लोकलमधून उतरून खोलीचे कुलूप उघडताना लक्षात येते, की कामाव्यतिरिक्त दिवसभरात आपण कुणाशीच बोललेलो नाही. अनेक जण याला स्वतःचा कमकुवतपणा समजतात. विज्ञान तसे म्हणत नाही. नव्या जागी शरीर आणि मेंदू असेच वागतात. ते सावरायला किती वेळ लागतो आणि कशाने मदत होते, याबद्दल आज बरेच काही माहीत आहे.

मेंदूचा अर्धा पहारा

सुरुवात झोपेपासून करू. झोपेचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये एक गोष्ट जुनीच ठाऊक होती. तिथे येणाऱ्याला पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये याचे कारण दाखवून दिले. नव्या जागेतील पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या अर्धगोलाचा काही भाग उजव्याइतका गाढ झोपत नव्हता. त्या बाजूला पोहोचणाऱ्या अनोळखी आवाजांनी लोक लवकर जागे होत होते. काही दिवसांनी त्याच जागेत पुन्हा झोपवल्यावर हा फरक उरला नाही. डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. माणसाचा मेंदूही अनोळखी जागेत थोडासा पहारा देतो, असा याचा अर्थ.

म्हणून हायवेवरचे ट्रक, पहाटेची पहिली लोकल किंवा शेजारच्या बांधकामाचा आवाज यांनी पहिले काही दिवस जाग आली, तर घाबरू नये. घरची ओळखीची चादर-उशी सोबत आणावी. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवावी. खोली रस्त्याकडे असेल तर कानात घालायचे बोळे वापरून पाहावेत. मात्र महिना उलटल्यावरही झोप तुटत असेल, तर त्याचे कारण केवळ नवी जागा नसते. रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल हे एक कारण. दुसरे कारण एकटेपणा. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणावर अनेक वर्षे काम केले. एकटेपणा जाणवणाऱ्यांची झोप इतरांइतक्याच तासांची असली तरी अधिक तुटक असते, असे त्यांच्या अभ्यासात आढळले.

एकांत वेगळा, एकटेपणा वेगळा

मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि तो फरक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकांत आपण निवडतो आणि तो हवाहवासा असतो. एकटेपणा म्हणजे हवी तितकी माणसे आणि आहेत तितकी माणसे यांतली तूट. म्हणूनच तो गर्दीतही जाणवतो. कॅसिओपो त्याची तुलना भुकेशी करत. पोट रिकामे झाल्याचा इशारा भूक देते, तसा माणसांची गरज असल्याचा इशारा एकटेपणा देतो. भूक लागण्यात लाजण्यासारखे काही नाही, तसे यातही नाही.

ही तुलना निव्वळ अलंकारिक नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात निरोगी लोकांना दहा तास कुणाशीही संपर्क न ठेवता, मोबाइलशिवाय एकटे ठेवले. वेगळ्या एका दिवशी त्याच लोकांना दहा तास उपाशी ठेवले. उपाशीपोटी जेवणाची चित्रे पाहिल्यावर मेंदूच्या खोल भागात जो प्रतिसाद उमटला, तसाच प्रतिसाद एकटे राहिल्यानंतर माणसे एकत्र असल्याची चित्रे पाहताना उमटला.

दहा तास हा आकडा नवख्या नोकरदाराने लक्षात ठेवावा. शनिवारी रात्री खोलीत शिरलेला माणूस रविवारी दुपारी डबा घ्यायला दार उघडतो, तोवर दहा तास सहज उलटलेले असतात. त्यात अनेक खाणावळी आणि मेस रविवारी दुपारी गोडाधोडाचे जेवण देऊन संध्याकाळी बंद असतात. मग रात्री वेफर्स, इन्स्टंट नूडल्स आणि मोबाइल. रविवारची संध्याकाळ खायला उठते, ती अशी. त्यामुळे आठवड्यात एकच बदल करायचा असेल, तर तो रविवारी करावा. त्या दिवशी दोन तास घराबाहेर, माणसांत काढायचे हे आधीच ठरवून ठेवावे. रात्रीसाठी मूगडाळीची खिचडी, उकडलेली अंडी, केळी, फुटाणे, ताक यांपैकी काहीतरी खोलीत असावे.

एकटेपणा फार लांबला तर त्याचा परिणाम मनापुरता राहत नाही. 2010 मध्ये 148 अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून तपासली गेली. ज्यांचे सामाजिक नातेसंबंध अधिक भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 50 टक्के जास्त होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि त्याचे प्रमाण किशोर व तरुण वयात अधिक आहे. दोन-चार आठवड्यांच्या सुनेपणाने कुणाचे आयुष्य कमी होत नाही. पण तो सवयीचा होऊ देऊ नये, इतके यातून नक्की कळते.

मैत्रीला तास लागतात

‘दोन महिने झाले, तरी कुणी मित्र नाही,’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. कान्सास विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी यावर थेट मोजमाप केले. गेल्या सहा महिन्यांत नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांना त्यांनी नव्या ओळखींबद्दल विचारले. त्यातून आलेला अंदाज असा, की नुसत्या ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणण्यासाठी सुमारे 90 तास आणि जिवलग होण्यासाठी 200 तासांहून अधिक. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, जेवण, खेळ, भटकंती यांत गेलेला वेळ उपयोगी पडतो.

साधा हिशेब करू. आठवड्याला दोन तास एखाद्या माणसाबरोबर घालवले, तर 50 तास व्हायला 25 आठवडे लागतील, म्हणजे जवळपास सहा महिने. दोन महिन्यांत मैत्री झाली नाही, यात तुमचा दोष नाही. तास भरलेले नाहीत, इतकेच. हे तास आपोआप भरतील अशा जागा मात्र शोधायला हव्यात. दर आठवड्याला त्याच लोकांना भेटवणारी कोणतीही गोष्ट चालेल. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी ठरलेल्या वेळी चालायला येणारे गट असतात. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघाचे ग्रंथालय आहे. बॅडमिंटन, गिर्यारोहण, गाण्याचा वर्ग, हौशी नाटक, काहीही असो. जूनमध्ये आलेल्यांसाठी गणेशोत्सव ही तर चालून आलेली संधी असते. ढोल-ताशा पथकाचा सराव उत्सवाआधी अनेक आठवडे चालतो, आणि मंडळाला कार्यकर्ते हवेच असतात. एकदाच होणाऱ्या मोठ्या पार्टीपेक्षा असा नियमित सहवास जास्त कामाला येतो.

ओळखीचे अनोळखी

मैत्रीला सहा महिने लागणार असतील, तर तोवर काय करायचे? याचे उत्तर रोजच्या वाटेवर आहे. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांनी 1972 मध्ये ‘ओळखीचे अनोळखी’ ही कल्पना मांडली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या उपनगरी स्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांची छायाचित्रे काढली आणि नंतर त्याच प्रवाशांना दाखवली. दहापैकी जवळपास नऊ जणांनी, कधीही न बोललेला किमान एक चेहरा तरी ओळखला. आपल्या लोकलला हे वर्णन किती चपखल बसते! 8.12 च्या गाडीला, त्याच डब्यात, त्याच दाराशी उभे राहणारे चेहरे महिन्याभरात पाठ होतात. पुढे कुणी चौथ्या सीटसाठी सरकून जागा देते, कुणी बॅग रॅकवर ठेवते. हळूहळू त्याचा ‘ग्रुप’ होतो. दसऱ्याच्या सुमारास डबा सजवणारे आणि महिलांच्या डब्यात हळदीकुंकू करणारे ग्रुप असेच तयार झालेले असतात.

हे चेहरे नुसते सोबतीला नसतात. एरवी न बोलणारे ओळखीचे अनोळखी अडचणीच्या वेळी एकमेकांच्या मदतीला येतात, असे मिलग्रॅम यांचे निरीक्षण होते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांनी याचा अनुभव घेतला. त्या रात्री अडकलेल्यांना पाणी, बिस्किटे आणि आसरा देणारे बहुतेक त्यांच्या नात्यातले नव्हते.

दोन शब्द बोलायला मात्र संकोच वाटतो. शिकागोतील उपनगरी गाड्यांच्या प्रवाशांवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा संकोच तपासला गेला. अनोळखी सहप्रवाशाशी बोलावे लागले तर प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला सांगितले, त्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा जास्त सुखाचा झाला. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात, नुसती तोंडओळख असलेल्या जास्त लोकांशी ज्या दिवशी बोलणे झाले, त्या दिवशी लोकांना अधिक आनंदी वाटल्याचे आढळले.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. किराणा, इस्त्री, भाजी, चहा या गोष्टी शक्यतो ठरलेल्या दुकानातून, ठरलेल्या वेळी घ्याव्यात. सगळेच ॲपवरून मागवले, तर सोय होते पण दिवसभरातले चार संवाद जातात. वॉचमनकाकांना, शेजारच्या काकूंना, पोळीभाजी केंद्रातल्या ताईंना नावानिशी ओळखावे, आपले नाव सांगावे. सावधगिरीही हवीच, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुलींनी. आपण कोणत्या मजल्यावर राहतो, घरी एकटे कधी असतो, हे सांगण्याची गरज नसते. गप्पा चार लोकांसमोर, उघड्या जागी असाव्यात. त्यासाठी हवापाणी, क्रिकेट आणि लेट झालेली लोकल हे विषय पुरेसे आहेत.

पहिला ताप येण्याआधी

एकटेपणाची खरी परीक्षा आजारपणात होते. पावसाळ्यात उपनगरांत डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस यांची भीती असते, आणि 102 डिग्री तापात डॉक्टर शोधत फिरणे अवघड असते. म्हणून धडधाकट असतानाच ही कामे उरकावीत.

पायी जाता येईल असा एक जनरल प्रॅक्टिशनर शोधून ठेवावा. महापालिकेचा जवळचा ‘आपला दवाखाना’ कुठे आहे तेही पाहून ठेवावे. खोलीत थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटे असावीत. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. साचलेल्या पाण्यातून चालत यावे लागले, तर लक्षणांची वाट न पाहता 24 ते 72 तासांत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लेप्टो टाळणारे औषध वेळेत घेतले तरच उपयोगी पडते. रक्तगट, ॲलर्जी, सुरू असलेली औषधे, विमा कार्डाचा क्रमांक आणि घरच्यांचे फोन नंबर एका कागदावर लिहून रूममेटकडे किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्यावेत. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर कोणत्याही आपत्तीत 112 हे क्रमांक आहेत.

मदत कधी घ्यावी

घरची आठवण येणे, मधूनच रडू येणे हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे. पण सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास राहिले, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, कामावर जाणे जड झाले, तर तो केवळ एकटेपणा नसून नैराश्य असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये, त्याच क्षणी फोन करावा.

घरच्यांचाही यात वाटा आहे. रोजच्या फोनवर ‘जेवलास का?’ हा प्रश्न असतोच. त्याला आणखी एक जोडावा: ‘आज कुणाशी बोललास?’ उत्तरात इस्त्रीवाल्याचे किंवा डब्यातल्या कुणाचे नाव येऊ लागले, म्हणजे मूल तिथे रुळू लागले असे समजायला हरकत नाही.