श्वास भरून घ्या

हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनात बहुधा छातीचे मधले हाड कापतात. मग ते तारेने जोडतात. तिथे दुखते. म्हणून रोगी वरवर श्वास घेतो. खोकला दाबून धरतो. इथेच घात होतो! फुप्फुसाच्या तळाशी हवा नीट पोचत नाही. तिथे कफ साठतो. न्यूमोनिया होऊ शकतो.

मग काय करावे? डॉक्टरांनी हो म्हणताच, पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी, टेकून बसावे. नाकाने सावकाश, खोल श्वास घ्यावा. ३ अंक मोजेपर्यंत धरावा. तोंडाने हळूच सोडावा. जागेपणी दर तासाला १० वेळा करावे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. जखमेला आधार मिळतो. कफ सुटतो.

घरच्यांनी ‘पडून राहा’ म्हणू नये. ‘दादा, बसा. श्वास भरून घ्या,’ असे म्हणावे.