अशक्त पिल्लाची जोपासना

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कोंबड्या पाळलेल्या असतात. खुडूक कोंबडीखालीं ठेवलेल्या अंड्यांतून एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लें बाहेर पडूं लागलीं, म्हणजे लहानथोर सर्वांनाच कौतुक वाटतें. परंतु त्या घोळक्यांत एखादें पिल्लूं इतरांहून लहान, पंख गळालेलें, डोळे मिटून कोपऱ्यांत उभें राहणारें असें निघतें. ‘हें कांहीं जगत नाहीं’ असें म्हणून वडील माणसें त्याचा नाद सोडतात. मुलें दया येऊन त्याच्या चोंचींत दूधभात कोंबूं लागतात. दोन्ही प्रकारांनीं पिल्लूं बहुधा मरतें. म्हणून तें वांचविण्याचा योग्य मार्ग कोणता, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम पिल्लूं लहान कां, तें पाहावें. पिल्लाचें वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारें दोन तृतीयांश असतें. ४५ ग्रॅमच्या अंड्यांतून ३० ग्रॅमचें पिल्लूं निघावयाचें. तलंगेच्या लहान अंड्यांतील पिल्लूं लहान असणारच. तें चपळ असेल, तर काळजीचें कारण नाहीं. मात्र जें निपचित पडतें व दाण्याकडे धांवत नाहीं, त्याला मदत हवी.

अंडें फोडण्यापूर्वीं उरलेला बलक पिल्लाच्या पोटांत ओढला जातो. ही शिदोरी त्याला दोन-तीन दिवस पुरते. यावरून उघड होतें कीं, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची पहिली गरज अन्नाची नसून उबेची आहे. त्याच्या अंगावर केवळ लव असते. स्वतःची उष्णता राखण्याचें सामर्थ्य त्याला कांहीं आठवड्यांनीं येतें. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाहीं. म्हणून आधीं ऊब, मग पाणी, मग अन्न, हा क्रम कधींही मोडूं नये.

एका खोक्यांत गोणपाट अंथरावें. वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर पाय घसरून फांकतात. खोक्याच्या एका बाजूस तारेचा विजेचा दिवा घट्ट बांधावा, एल.ई.डी. दिवे उजेड देतात, पण पुरेशी ऊब देत नाहींत. दिवा कापडास अगर पेंढ्यास लागूं देऊं नये, नाहीं तर आग लागेल. वीज नसेल तेथें गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून ठेवावी. पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी व पुढें दर आठवड्यास सुमारें तीन अंश कमी करावी. उष्णतामापक नसल्यास पिल्लूंच आपणांस सांगतें: तें दिव्याखालीं अंग चोरून चिंवचिंव करूं लागलें तर त्याला थंडी वाजते, चोंच वासून दूर पळालें तर उकडतें. यासाठीं खोक्याची दुसरी बाजू थंड ठेवावी.

अंग उबदार झालें म्हणजे कोमट पाण्यांत चोंचीचें टोंक हलकेंच बुडवावें. पहिल्या दिवशीं पाण्यांत चिमूटभर गूळ घालण्यास हरकत नाहीं. पाणी घशांत ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जाऊन पिल्लूं गुदमरतें. भांडें उथळ असावें व त्यांत खडे टाकावे, म्हणजे पिल्लूं बुडणार नाहीं. दूध देऊं नये. पक्ष्यांना तें नीट पचत नाहीं.

नंतर अन्न. पिल्लांचें तयार खाद्य मिळाल्यास उत्तम. नाहीं तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुसकरून, नाचणीचा अगर मक्याचा भरडा व बारीक केलेली सुकट यांत मिसळून, थोडें थोडें द्यावें. केवळ पांढऱ्या तांदळाच्या कणीवर पिल्लूं वाढत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरास असें आढळलें कीं, सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला असतां त्या बऱ्या होतात. याच शोधांतून पुढें जीवनसत्त्वांचें ज्ञान झालें व १९२९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

बळकट पिल्लें दुबळ्यास टोंचतात, यास्तव त्याला वेगळें ठेवावें. परंतु अगदीं एकटें नको, एखादें शांत पिल्लूं सोबतीस द्यावें. शेपटीखालीं विष्ठा वाळून मार्ग बंद झाला असल्यास कोमट पाण्यानें भिजवून सोडवावी, ओढूं नये, आणि अंग लगेच कोरडें करावें. पिल्लांस हात लावल्यावर साबणानें हात धुवावे. दररोज एकाच वेळीं वजन करून लिहून ठेवावें. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर तें वाढूं लागलें, तर धोका टळत चालला असें समजावें.

विष्ठेंत रक्त दिसलें किंवा मान पिळवटूं लागली, तर घरगुती उपायांवर विसंबूं नये. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगावर औषध नाहीं; वेळेवर टोंचलेली लसच त्यापासून रक्षण करते. अशा वेळीं गुरांच्या दवाखान्यांतील डॉक्टरांना विचारावें.

इतकें करूनही कांहीं पिल्लें दगावतात. आंतून व्यंग असलेलें पिल्लूं कितीही ऊब दिली तरी वांचत नाहीं. त्यांत मुलांनीं स्वतःस दोष देऊं नये. प्रभु येशूनें यरुशलेमविषयीं दुःख करितांना पिल्लांना पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचाच दाखला दिला, हें मत्तयाच्या शुभवर्तमानांत आपण वाचतों. कोंबडी पिल्लाच्या तोंडांत घांस कोंबीत नाहीं. ती आधीं त्याला पंखाखालीं घेते आणि मग दाणा दाखविते. दुबळ्यास साह्य करूं इच्छिणाऱ्यानें तिचा हा क्रम ध्यानांत ठेवावा.