अवकाश विमानाची वायुश्वसनी व संयुक्त-आवर्तन एंजिने

धावपट्टीवरून उड्डाण करून पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जाणाऱ्या व परत धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानासाठी कल्पिलेली एंजिने. वातावरणात असताना ती ज्वलनासाठी हवेतील ऑक्सिजन घेतात. हवा विरळ झाल्यावर टाकीतील द्रवरूप ऑक्सिजनावर रॉकेटाप्रमाणे चालतात. एकाच एंजिनात अशा दोन वा अधिक कार्यपद्धती एकत्र आणल्या म्हणजे त्याला संयुक्त-आवर्तन एंजिन म्हणतात.

रॉकेटाच्या वजनात ऑक्सिजनाचा वाटा फार मोठा असतो. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बाह्य टाकीत सुमारे १०६ टन द्रवरूप हायड्रोजनाबरोबर सुमारे ६३० टन द्रवरूप ऑक्सिजन भरीत असत. हा भार कमी करणे हा या एंजिनांचा हेतू होय.

प्रकार : टर्बोजेटमध्ये फिरता संपीडक हवा दाबतो, परंतु ध्वनिवेगाच्या सुमारे तिपटीपुढे आत येणारी हवा इतकी तापते, की तो निरुपयोगी ठरू लागतो. रॅमजेटमध्ये वेगामुळेच हवा दाबली जाते; त्यामुळे ते स्थिर अवस्थेतून सुरू होत नाही. स्क्रॅमजेटमध्ये स्वनातीत प्रवाहातच ज्वलन घडवितात. मात्र त्यासाठी काही सहस्रांश सेकंदच मिळतात. अमेरिकेच्या एक्स-४३ए या मानवरहित यानाने नोव्हेंबर २००४ मध्ये ध्वनिवेगाच्या सुमारे ९.६ पट वेग गाठला. त्याचे एंजिन सुमारे १० सेकंद चालले. भारतात २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या रॉकेटावर स्क्रॅमजेटची सुमारे ५ सेकंद चाचणी झाली.

पूर्वशीतन : ब्रिटनमधील होटॉल प्रकल्पाचे शासकीय साहाय्य १९८८ मध्ये थांबल्यावर ॲलन बाँड व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये रिॲक्शन एंजिन्स ही कंपनी स्थापिली. तिच्या सेबर एंजिनात आत येणारी तप्त हवा बारीक नळ्यांतील हीलियमाने थंड करून मग दाबावयाची व ध्वनिवेगाच्या सुमारे पाचपटीनंतर रॉकेट पद्धती स्वीकारावयाची, अशी योजना होती. २०१९ मध्ये कोलोरॅडो येथील चाचणीत पूर्वशीतकाने सुमारे १,०००° से. तापमानाची हवा १/२० सेकंदाहून कमी वेळात थंड केली. तथापि पुरेसे भांडवल न मिळाल्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीचे काम थांबले.

मर्यादा : कक्षेत राहण्यासाठी सेकंदाला सुमारे ७.८ किमी. वेग लागतो. ध्वनिवेगाची पाचपट म्हणजे त्याचा जेमतेम पाचवा भाग व गतिज ऊर्जेचा सुमारे पंचविसावा भाग होय; उरलेले काम रॉकेटालाच करावे लागते. शिवाय द्रवरूप ऑक्सिजन स्वस्त असून थोड्या जागेत मावतो, तर हायड्रोजनाला मोठ्या टाक्या लागतात. रॉकेट दाट हवेतून लवकर बाहेर पडते; वायुश्वसनी यानास मात्र हवेसाठी तीतच वेग वाढवावा लागतो व रोध आणि उष्णता सोसावी लागते. त्यामुळे वाचलेल्या ऑक्सिजनाचे वजन हे हवामार्ग, शीतक व उष्णतारोधक आवरण यांच्या वाढीव वजनाहून अधिक भरते काय, यावर या एंजिनांची उपयुक्तता अवलंबून आहे. २०१७ पासून रॉकेटाचा पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरणे शक्य झाल्याने ही कसोटी अधिकच कठीण झाली आहे. अशा एंजिनावर चालणारे कोणतेही यान अद्याप कक्षेत पोहोचलेले नाही.