रग्बीचे जिल्हा-दफ्तर

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसाच्या बाहेर पडून आझाद मैदानाच्या कडेने काही मिनिटे चालले की बॉम्बे जिमखान्याचे जे हिरवेगार मैदान लागते, त्यावर पावसाळा सुरू होऊन क्रिकेट बंद पडले की रग्बी खेळण्याचा शिरस्ता अनेक पिढ्यांचा आहे. आणि त्याच टर्मिनसावरून ठाणे, डोंबिवली, कल्याण असा जो लोहमार्ग जातो, त्यावरून रोज लाखो माणसे ये-जा करीत असता हा खेळ मात्र दीर्घकाळ त्या गाड्यांत फारसा चढला नाही. असे का झाले, याचे उत्तर खेळाच्या कठोरपणात शोधण्याचा मोह होतो. परंतु ज्या मुलुखात हुतुतूच्या पकडीत गुडघे सोलून घेण्याची हौस घरोघर होती, तेथे अंगमेहनतीचे भय हे कारण संभवत नाही. उणीव होती ती मधल्या कारभाराची.

कलकत्त्याची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. 1872 सालच्या नाताळात तेथे रग्बीचा सामना झाला, पुढच्याच वर्षी क्लब निघाला. पण पलटण बदलून गेली, पोलो आणि टेनिस यांकडे सभासदांचा ओढा वळला, क्लबातील फुकटची मद्यव्यवस्था बंद झाल्यावर तर पुष्कळांची क्रीडाभक्ती आटली, आणि अखेर क्लब बरखास्त करण्याची पाळी आली. सभासदांनी शिल्लक वाटून खाल्ली नाही, एवढे मात्र त्यांच्या पदरात घातले पाहिजे. 270 चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक सुबक चषक घडविला आणि 1878 साली तो इंग्लंडच्या संघटनेला अर्पण केला. 1879 पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. चषक टिकला, ज्या शहरात तो घडला तेथे खेळाला तळाचा आधार नव्हता.

तो आधार म्हणजे प्रादेशिक संघटना. न्यूझीलंडसारख्या लहान देशात आज 26 प्रांतिक संघटना आहेत, आणि गावच्या क्लबातील मुलाला राष्ट्रीय संघाच्या काळ्या पोशाखापर्यंत पोहोचविणारी वाट त्यांच्याच अंगणातून जाते. आपल्याकडे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती 1998 साली. त्याच वर्षी भारताने सिंगापूरविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, ज्यात अभिनेते राहुल बोस होते. जागतिक संस्था, तिच्याखाली 1968 सालची आशियाई संघटना, मग राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी ही उतरंड आहे, आणि सर्वांत कमी मान व सर्वांत जास्त काम शेवटच्या पायरीच्या वाट्याला येते.

हे काम कसले? खेळाडूंची नोंदवही राखणे, वयाचे दाखले रुजू करून घेणे, पंच व प्रशिक्षक यांना पहिल्या पातळीचे शिक्षण देवविणे, मैदानाची परवानगी आणि विमा यांची तजवीज लावणे. शालेय स्पर्धा शासनाच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत 14, 17 व 19 वर्षांखालील गटांत होतात, आणि त्यांत महानगरपालिका क्षेत्रांचे संघ उर्वरित जिल्ह्यापासून निराळे धरण्याची पद्धत आहे. साहजिकच डोंबिवलीचा मुलगा शाळेकडून खेळताना एका घटकाचा असतो आणि संघटनेकडून खेळताना अवघ्या ठाणे जिल्ह्याचा. शिवाय 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाल्यावर जिल्ह्याच्या सीमाच बदलल्या. पालकांना या गुंतागुंतीशी कर्तव्य नसते. त्यांना हवे असते प्रमाणपत्र. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण ही दोन्ही त्या कागदावर आणि त्याच्या पडताळणीवर अवलंबून असल्याने, स्पर्धेचा अहवाल ढिसाळपणे लिहिणारा चिटणीस एखाद्या मुलाचे जे नुकसान करू शकतो, ते प्रतिपक्षाचा आडदांड गडीही करू शकणार नाही.

पण दफ्तराने खेळ वाढत नाही. मॅथ्यू स्पेसी हा जिमखान्यावर रग्बी खेळणारा गृहस्थ. कुंपणाबाहेर फॅशन स्ट्रीटच्या पदपथावरून सराव पाहणाऱ्या मुलांना त्याने आत बोलावले, आणि त्यातूनच 1999 साली ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. कुंपणाबाहेरची अशी मुले ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर, डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर, कल्याणच्या सुभाष मैदानावर रोज संध्याकाळी असतात. त्यांना प्रथम धक्काबुक्की शिकवायची नसते. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन फिती. फीत ओढली की पकड झाली, आणि चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा, एवढ्या भांडवलावर खेळ सुरू होतो. खरी पकड पुढे येते, आणि तेथे कबड्डीपटूला आपली सवय मोडावी लागते: घोटा धरून थांबण्यापेक्षा दोन्ही हातांचा विळखा घालायचा, आणि आपले डोके धावणाऱ्याच्या पुढे नव्हे तर त्याच्या मागच्या बाजूस ठेवायचे. हे प्रथम गुडघ्यावर बसवून, अगदी संथपणे घोटवून घेतात. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूस तत्काळ बाहेर काढावयाचे आणि त्या दिवशी परत घ्यावयाचे नाही, हा नियम पाळून घेणे हेच संघटनेच्या लायकीचे पहिले गमक मी मानतो.

पंधरा जणांचा, 80 मिनिटांचा खेळ आपल्या मैदानांना झेपणे कठीण. आठ-आठ जणांच्या झटापटीत पुढच्या ओळीला शिक्षित खेळाडूच लागतात, आणि ते नसतील तर जोर न लावता ती नाममात्र उरकावी लागते. सात जणांचा, सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा प्रकार 2016 साली ऑलिंपिकमध्ये आला. एका दुपारी अनेक सामने त्यात उरकतात, म्हणून जिल्ह्याने आपली शक्ती तेथेच लावावी. मुलींच्या बाबतीत तर संकोचाला जागाच नाही: पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी 2019 साली मनिला येथे सिंगापूरवर 21-19 असा जो विजय मिळविला, तो पंधरा जणींच्या खेळातील त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय होता.

राहता राहिला गोलखांबांचा प्रश्न. 5.6 मीटर अंतरावरचे दोन उंच खांब आणि 3 मीटरवर आडवी दांडी ही सामग्री लग्नाचे मांडव, सभा आणि प्रदर्शने भरणाऱ्या सार्वजनिक मैदानात कायमची रोवू देण्यास कोणतीही महानगरपालिका सहसा राजी होणार नाही. म्हणून जमिनीत नळ्या पुरून खांब काढता-घालता येतील अशी योजना करावी, आणि ते होईतो खांबांवाचून खेळावे. रेषेपलीकडे चेंडू टेकविल्याचे पाच गुण मिळण्यास खांब लागत नाहीत.