पार, ओटा आणि माजघर

साथ आली की माणसाने घरात राहावे की घराबाहेर? मार्च २०२० मध्ये आपल्या सगळ्यांना याचे एकच उत्तर मिळाले होते: घरात. पण दख्खनमधल्या खेड्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका साथीत, नेमके उलटे उत्तर शोधून काढले होते. ही दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून पाहू. गावात राहणाऱ्या वयस्कर, निवृत्त माणसांच्या दिनक्रमाकडे पाहिले, तर त्यांतला फरक अधिक स्पष्ट दिसतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक प्लेग आढळला आणि तेथून तो हळूहळू दख्खनच्या गावांत पोचला. गावकऱ्यांच्या एक गोष्ट लवकरच लक्षात आली. माणसे आजारी पडण्यापूर्वी घरात उंदीर मरून पडतात. मग उंदीर पडू लागले, की गाव उठून माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहायला जाई. चूल तीन दगडांवर, गुरे झोपडीशेजारी, आणि राखणीची काळजी कायमची. काही ठिकाणी मोकळ्या घरांची कौले उतरवून आत ऊन पाडले जाई. उन्हाळा तापला, की माणसे परत घरात येत.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरातून माणसात कसा येतो हे कोडेच होते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत केलेल्या प्रयोगातून उंदराच्या अंगावरच्या पिसवांकडे बोट दाखवले. ते अनेकांना पटले नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या पद्धतशीर प्रयोगांनी ते पक्के केले. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते, पिसवा ते सोडतात आणि भुकेपोटी हाती लागेल त्या प्राण्याला, म्हणजे माणसालाही, चावतात. कडक, कोरड्या उन्हाळ्यात त्या फार जगत नाहीत. म्हणजे झोपडीत जाणे हे उंदीर आणि पिसवा यांच्यापासून दूर जाणे होते, आणि उन्हाळ्यात परतण्याची वेळही बरोबर होती. पिसूचे नावही न घेता गावांनी हा उपाय गाठला होता. केवळ नीट पाहिल्यामुळे! विद्यार्थ्यांना निरीक्षणाचे मोल सांगताना आम्हाला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

आता कोविडकडे येऊ. येथे उंदीर नाही, पिसूही नाही. विषाणू माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून, खोकण्यातून बाहेर पडतो. मग या साथीत वयस्कर माणसाच्या दिनक्रमाचे काय झाले?

गावातल्या निवृत्त शिक्षकाचा किंवा मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेल्या गिरणी कामगाराचा एरवीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी एसटी थांब्यावर वर्तमानपत्र, मग पारावर बैठक, देवळात एक फेरी, दुपारी ओट्यावर डुलकी, संध्याकाळी शेताच्या बांधापर्यंत चक्कर, आठवड्याचा बाजार. यातला बहुतेक वेळ उघड्या हवेत जातो. टाळेबंदीत एसटी थांबली, तिच्याबरोबर वर्तमानपत्र थांबले. देऊळ आणि बाजार बंद झाले. कित्येक गावांच्या वेशीवर काटे टाकले गेले, पार ओस पडला. पासष्टच्या पुढच्यांनी घरातच थांबावे, अशी सरकारी सूचना होती. त्याच वेळी पुण्या-मुंबईहून मुले, सुना, नातवंडे गावी आली. काही शहाण्या घरांनी त्यांना १४ दिवस शेतातल्या वस्तीवर किंवा गोठ्याशेजारी ठेवले, काहींना गावाने शाळेच्या खोल्यांत ठेवले. पण पुढे सगळे एकाच छपराखाली आले. दोन माणसांच्या घरात आठ-नऊ माणसे झाली. म्हणजे आजोबा पारावरून उठून माजघरात गेले, आणि माजघरातली गर्दी चौपट झाली.

याचा अर्थ काय होतो, हे आकड्यांत पाहता येते. गणित सोपे आहे, वर्गात जरूर करा. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच खोलीत सुमारे ३० हजार लिटर हवा मावते. बसून बोलणारा माणूस तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पाच माणसांचे ९० लिटर झाले. दारे-खिडक्या बंद असून हवा अजिबात बदलत नाही असे धरले, तर तासाभरात खोलीतल्या हवेत या वायूची ०.३ टक्के भर पडते. आपल्या उच्छ्वासात तो साधारण ४ टक्के असतो. ०.३ ला ४ ने भागा. उत्तर येते सुमारे तेरावा हिस्सा. म्हणजे तासाभरानंतर आपण घेत असलेल्या हवेचा तेरावा हिस्सा खोलीतल्या कोणाच्या तरी फुफ्फुसातून आधीच जाऊन आलेला असतो! प्रत्यक्षात फटींतून थोडीफार हवा बदलते, म्हणून हा आकडा कमी भरेल. कौलारू घरात तर बराच कमी. जुने गळके कौल बदलून नवा स्लॅब टाकणाऱ्यांना हे कोण सांगणार! पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेले स्लॅबचे घर आपल्या गणिताच्या फार जवळ जाते.

एक उदबत्तीही पुरेशी आहे. ती बंद खोलीच्या कोपऱ्यात लावा आणि दुसऱ्या कोपऱ्यात वास यायला किती वेळ लागतो ते मोजा. मग तीच ओट्यावर लावून तेवढ्याच अंतरावर उभे राहा. बोलताना तोंडातून उडणारे मोठे थेंब, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, काही सेकंदांत जमिनीवर पडतात. पण पाच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत उभ्या माणसाच्या तोंडापासून खाली यायला अर्धा तास लागतो. तोवर तो उदबत्तीच्या धुरासारखाच खोलीभर फिरतो.

ही गोष्ट अधिकृतपणे मान्य व्हायला वेळ लागला. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना हा रोग हवेतून पसरत नाही असे ठामपणे सांगत होती, ते मत तिने २०२१ मध्ये बदलले. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही खोल्यांमध्ये हवा खेळती ठेवण्यावर भर देणारी सूचना काढली. मधल्या वर्षात आपण काय करत होतो? दुधाच्या पिशव्या धूत होतो, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो, नाणी उन्हात वाळवत होतो. हात धुण्याचे फायदे आहेतच. परंतु त्या सगळ्या खटाटोपापेक्षा खिडकी उघडणे अधिक उपयोगी होते. साथीत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा उघड्यावर झालेल्या लागणी दहांत एकाहूनही कमी आढळल्या.

याचा अर्थ पारावरची बैठक निर्धोक होती असा नाही. खांद्याला खांदा लावून बसणे, एकाच चंचीतला तंबाखू, कानाशी बोलणे, हे उघड्यावरही धोक्याचेच. पण पारावर माणसे दोन-दोन हात दूर बसवणे जमण्यासारखे होते, माजघरात ते जमण्यासारखे नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट खेड्यांत शिरली तेव्हा ते दिसून आले. एकच खोली आणि एकच संडास असलेल्या घरात 'गृहविलगीकरण' हा शब्दच पोकळ ठरला. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने १८ जिल्ह्यांत ते थांबवून रुग्णांना विलगीकरण केंद्रांत ठेवण्याचा निर्णय घेतला.

मुखपट्टीने वयस्करांपुढे आणखी एक अडचण उभी केली, तिची चर्चा फारशी झाली नाही. वय वाढते तसे आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, ख, फ यांसारख्या व्यंजनांना ओळख देणारा आवाज बराचसा याच उंच पट्ट्यात असतो. स्वर खालच्या पट्ट्यात असतात आणि मोठेही असतात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला बोलणे 'ऐकू येते, पण कळत नाही'. साठ की आठ, सात की हात? ही उणीव तो समोरच्याच्या ओठांकडे पाहून भरून काढतो, पुष्कळदा स्वतःच्याही नकळत. आता कापडाची पट्टीही साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरचेच आवाज अधिक अडवते, आणि ओठ तर झाकतेच. परिणाम असा, की आजोबा "काय म्हणालास?" म्हणत जवळ सरकत आणि नातू पट्टी खाली ओढून कानाशी ओरडत असे. ज्यासाठी पट्टी लावली, तेच बरोबर उलटे होई. येथे मोठ्याने बोलण्यापेक्षा सावकाश, शब्द तोडून बोलणे उपयोगी पडते. एखादी पाटी-पेन्सिल त्याहूनही.

पेन्शनची गोष्टही अशीच. बँक तालुक्याला, एसटी बंद. पोस्टमनने घरी येऊन यंत्रावर अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय पुष्कळांच्या कामी आली. पण वयाने त्वचा कोरडी आणि पातळ होते, शेतीकामाने बोटांच्या रेषा झिजतात, आणि यंत्र अंगठा ओळखत नाही. पुन्हा पुसा, पुन्हा दाबा! नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा ओळखणारी पद्धत सुरू केली, तोवर साथीचे दोन दिवाळसण उलटून गेले होते.

मात्र सर्वांत खोल परिणाम झाला तो चालणे थांबल्याचा. ज्यांना कोविड झालाच नाही असे अनेक वयस्कर त्या काळात हळूहळू उठताना आधार शोधू लागले. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतले चरबी वगळता वजन सरासरी सुमारे एक किलोने घटले. घरात बसणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, पण बांधापर्यंतची फेरी, देवळाच्या पायऱ्या आणि बाजारची पिशवी महिनोन्महिने सुटली, तर दिशा तीच. स्नायू वापरले नाहीत की शरीर त्यांना पोसत नाही, आणि उतारवयात ते परत मिळवायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो.

घरातल्या आजी-आजोबांसाठी एक साधी चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर त्यांना बसवा, हातांची घडी छातीवर, आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला सांगा. शेजारी उभे राहा, गुडघे फार दुखत असतील तर करू नका. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजतात. मग हेच उठणे-बसणे, आधी आधार धरून आणि नंतर सोडून, दिवसातून दोन-तीनदा करायचे. शक्यतो ओट्यावर.