ऊसवाहतुकीच्या बैलाचे खूर : रचना, कार्य व निगा

लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप 1950 मध्ये सुरू झाले आणि अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अर्थकारणास नवे वळण मिळाले. या कारखानदारीची चर्चा सहकार, सिंचन व ऊसतोड मजुरांचे स्थलांतर या अंगांनी पुष्कळ झाली. फडातून गव्हाणीपर्यंत ऊस ओढणाऱ्या बैलाच्या खुराकडे मात्र लक्ष क्वचितच गेले. ट्रॅक्टर आले तरी पाथर्डी, शेवगाव भागातील काही तोडणी कुटुंबे आजही बैलजोडीसह फडावर उतरतात. बैल लंगडला की त्यांची वाहतुकीची मजुरी थांबते.

रचना : घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा राहतो, तर बैलाचा भार तिसऱ्या व चौथ्या बोटांवर विभागलेला असतो. बोटाच्या टोकाचे हाड शिंगासारख्या कठीण कवचात बसलेले असते. कवचाची भिंत त्या हाडाशी रक्तवाहिन्यांनी भरलेल्या नाजूक पडद्यांनी जोडलेली असते आणि हाडाखालची चरबीची गादी धक्का पेलते. पाऊल टेकताच दोन्ही नख्या किंचित फाकतात. मऊ मातीत खूर थोडे रुतून भार पसरतो. डांबरी रस्त्यावर ही सोय नाही, तेथे कवच केवळ झिजते.

खुराची भिंत महिन्याला सुमारे 5 मिलिमीटर वाढते. पुढील बाजूस तिची लांबी साधारण 75 मिलिमीटर धरल्यास ती पूर्णपणे नवी होण्यास सव्वा वर्ष लागते. गाळप हंगाम जेमतेम पाच-सहा महिन्यांचा असतो. म्हणजेच दिवाळीच्या सुमारास केसांच्या रेषेजवळ पडलेली भेग हंगाम संपेपर्यंत निम्मीही खाली सरकत नाही. खुराची तपासणी फडावर जाण्यापूर्वी, पावसाळ्यातच होणे इष्ट ते यासाठी.

पत्री व निगा : झीज रोखण्यासाठी पत्री मारतात. घोड्यास चार नाल पुरतात. बैलाच्या चारही पायांना आठ पत्र्या लागतात. भिंत व तळवा जेथे जुळतात तेथे पांढरी रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेरच, तोही नखीच्या बाहेरील कडेस हवा, कारण दोन नख्यांमधील भिंत पातळ असते. खिळा आत गेल्यास जंतुसंसर्ग होऊन पू धरतो. पत्री मारल्यावर बैल लंगडू लागला व खूर गरम लागले, तर खिळा तत्काळ काढून पशुवैद्यकास दाखवावे. दोरीने पाडताना बैलाचे पोट भरलेले नसावे, अन्यथा पोट फुगण्याचा धोका असतो.

भारवाहू जनावरांविषयीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसात नऊ तासांहून अधिक, विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक, तसेच तापमान 37 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असलेल्या भागात दुपारी 12 ते 3 या वेळेत काम घेता येत नाही. परंतु गव्हाणीसमोरच्या रांगेत जूसह ताटकळणारा बैल कोणत्या तासांत मोजावा, हा प्रश्न उरतोच. गाडी सुटल्यावर दोन नख्यांमधील खडे काढणे व तेथील जखम पाहणे हे काम रोजचे आहे. लाळ्या-खुरकूताचे फोड तोंडाप्रमाणे तेथेही येतात. या रोगाची लस हंगामापूर्वीच टोचून घ्यावी लागते, कारण फडावर अनेक गावांची जनावरे एकाच तळावर बांधली जातात.